लाछबाईचा कोरा चहा

लाछबाईने माणसावर पहिला हात उचलला तो लग्नाच्याच आठवड्यात, आणि तोही नवऱ्यावर. ताक आंबट झालं म्हणून नागदानने भरली वाटी तिच्या तोंडावर फेकली. तिने पदराने तोंड पुसलं, डेऱ्यातली रवी उचलली आणि त्याचा पुढचा दात पाडला. नागदान जगला तोवर ओठ मिटूनच हसायचा. लोकांना वाटे, माणूस मोठा गंभीर आहे.

गीरच्या जंगलात हे चारण लोक म्हशी पाळून राहतात. पाच-सात कुडाची घरं, भोवती माणसाच्या डोक्याइतकं उंच काटेरी कुंपण, आणि आत माणसं, म्हशी, रेडकं सगळी एकाच धुरात. या वस्तीला नेस म्हणतात. नागदान साप चावून गेला आणि नेसाची सगळी सत्ता लाछबाईकडे आली. तशी ती आधीही तिच्याकडेच होती, फक्त विचारल्यासारखं करायला आता कुणी उरलं नव्हतं. एका उन्हाळ्यात सिंहाने कुंपणावरून उडी टाकून रेडकू धरलं, तेव्हा पुरुष खाटांवर चढून ओरडत होते आणि लाछबाई चुलीतलं जळतं लाकूड घेऊन सिंहाच्या नाकावर मारत होती. रेडकू वाचलं. लाछबाईच्या पाठीवर पंजाचे तीन चर राहिले. घाम आला की ते चुरचुरायचे, आणि मग ती सिंहाच्या आईपासून सुरुवात करून त्याच्या सात पिढ्या उद्धारायची.

मारायला तिला कारण लागे, एवढं मात्र खरं. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे रेडकू. तिच्या नेसात एक कायदा होता, तो तिच्या सासूचा, सासूच्या सासूचा. ज्याच्या हातून रेडकाचं हाड मोडलं, त्याने ते रेडकू त्या पायावर भार देऊन उभं राहीपर्यंत दुधाचा थेंब तोंडात घालायचा नाही. दूध नाही, ताक नाही, तूप नाही, चहासुद्धा कोरा. ऐकायला सोपं वाटतं, पण नेसात दूध सोडलं तर उरतो रोटला, लसूण आणि पाणी. तिचा धाकटा दीर मामैया एकदा दारू पिऊन आला आणि त्याने कुंपणाचं फाटक रेडकाच्या पायावर लोटलं. लाछबाईने आधी त्याला दांडक्याने गुरासारखा झोडला, मग त्याचं ताट उचलून सगळ्यांसमोर उपडं केलं. रेडकू उभं राहीपर्यंत मामैया इतका वाळला की बायकोने दिलेली चोरणी, म्हणजे ढगळ विजार, त्याच्या कमरेवर टिकेना. पोटचा पोरगा देवायत लहान असताना त्याने पारडीला दगड मारला, तिचा पाय मोडला, आणि तो अख्खा हिवाळा त्याने कोऱ्या चहात रोटला बुडवून काढला. रात्री त्याच्यासाठी रडत बसायची लाछबाईच, पण सकाळी चहा कोराच असायचा.

त्या देवायतची बायको राजल. सपाटीच्या गावातली, शेंगदाण्याच्या काळ्या रानातली. आवाज हळू, चाल हळू. पहिल्या दिवशी म्हशीने शेपटीचा फटका मारला तर हिने म्हशीलाच 'असं काय गं' म्हणून विचारलं. लाछबाईने कपाळावर हात मारला. "देवायत, तुला बायको आणायला पाठवलं होतं की शाळामास्तरीण?"

राजल हसली नाही आणि रडलीही नाही. सासूला इथे फई म्हणतात. ती म्हणाली, "शिकेन की फई." आणि शिकली. पण लाछबाईला न बोलणाऱ्या माणसांचा भरवसा नव्हता. बोलणाऱ्याला एक थोबाडीत देता येते. न बोलणाऱ्याला कुठे मारायचं, हा तिच्यापुढे मोठाच प्रश्न होता.

राजल बाळंत झाली ती ऐन थंडीत, भर दुपारी, आणि कुणाची तयारी नसताना. देवायत तूप घेऊन तालुक्याला गेलेला. पुरुष म्हशींमागे. घरात लाछबाई आणि शेजारची म्हातारी पुरीमा. डोकं बाहेर आलं आणि पोर अडलं. खांदा आतच. राजलच्या ओरडण्याने दावणीच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. पोराचं तोंड जांभळं, मग काळसर व्हायला लागलं. पुरीमा देवीची नावं घेत मागे सरली.

लाछबाईने आयुष्यात शेकड्याने अडलेल्या म्हशी सोडवल्या होत्या. तिने तेच केलं. हाताला ओलं फडकं गुंडाळलं, खाटेच्या पायाला टाच लावली आणि कळ येताच अंगातला सगळा जोर लावून ओढलं. राजल किंचाळली. कुठेतरी कट् असा आवाज झाला. लाछबाईला वाटलं, गेलं आपलं कोपरावरचं बलोयं, ते हस्तिदंती कडं. आणि पोर बाहेर आलं. तिने त्याला पायाला धरून उलटं केलं, पाठीत चापटी मारली, एक, आणखी एक, आणखी जोरात, आणि ते रडलं. तेव्हा लाछबाईच्या डोळ्यांना जे पाणी लागलं ते थांबेना. मुलगा होता. नंतर हात धुताना तिने बलोयं पाहिलं, तर ते धड होतं. आवाज कसला, असं क्षणभर तिच्या मनात आलं आणि गेलं. वार पडायची होती, पाणी तापायचं होतं. कुणाला वेळ होता?

नेसात तिचं कौतुक झालं. "वहिनी होती म्हणून पोरगं दिसलं," मामैया म्हणाला. "डॉक्टरने कापलं असतं."

"तुझा जन्म झाला तेव्हा मी नव्हते ना," लाछबाई म्हणाली, "म्हणूनच डोकं आत राहिलं तुझं."

पोराला रीतीप्रमाणे दुपट्यात घट्ट बांधलं. खांद्यापासून पायापर्यंत, हात अंगाशी आवळून, नुसतं तोंड बाहेर. थंडी होती आणि बांधलेलं पोर झोपतं चांगलं. दुपटं सुटायचं ते ओलं झालं की, आणि पुरीमा झटकन दुसरं आवळायची.

उजवीकडे पोरगं मुकाट्याने प्यायचं. पण डावीकडे घ्यायला राजलने त्याला वळवलं, की ते निखाऱ्यावर ठेवल्यासारखं ओरडायचं. तोंड लागायच्या आधीच लाल व्हायचं, मान मागे टाकायचं, श्वास अडकायचा. पुन्हा उजवीकडे घेतलं की गप्प. दोन दिवस गेले, चार गेले. उजवीकडचं दूध त्याला पुरेना आणि डावीकडचं साचत राहिलं. राजलची डावी छाती ताठली, लाल झाली, दगडासारखी झाली. तिला हुडहुडी भरून ताप आला. तापात उजवीकडचंही दूध कमी झालं. पोराचे गाल आत गेले, कपाळावरचं कातडं सैल पडलं. ते रडायचं तेही आता मांजराच्या पिल्लासारखं.

लाछबाई तिच्या खाटेजवळ जाऊन बसली. "पदर काढ."

"फई, हात लावू नका. ठणकतंय."

"म्हैसपण हेच सांगते." आणि तिने डावी छाती धरली आणि म्हशीचा सड पिळावा तशी पिळली.

राजलच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून बाहेर देवायतच्या हातून चरवी पडली. जाडसर, पिवळट दुधाचे चार थेंब लाछबाईच्या तळहातावर आले. तिने ते चाटून पाहिले आणि दारातून बाहेर थुंकली.

"खारट!"

म्हशी पाळणाऱ्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. सड बिघडला की धार खारट होते, धार खारट झाली की रेडकू तो सड सोडतं. लाछबाईने हे एवढ्या वेळा पाहिलं होतं की तिला शंका यायचं कारणच नव्हतं. दूध साचून खारट झालं असेल, म्हणजे पोराने सोडलं आधी आणि बिघडलं नंतर, असं उलटंही असू शकतं, हे तिच्या डोक्यात शिरायला जागा नव्हती.

"सड मेलाय हिचा," ती अंगणात येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तीन सडांची म्हैस गळ्यात मारली सपाटीवाल्यांनी. रंग दाखवला, कास नाही दाखवली."

"मा, हळू बोल," देवायत म्हणाला.

"का? म्हशीला ऐकू जाईल?"

राजल उठून बसली. तापाने तिचे डोळे चकाकत होते. "फई, माझं ऐका एकदा. दूध तोंडात जायच्या आधीच रडतो तो. चव घेतच नाही. नुसता त्या कुशीवर वळवला की रडतो. त्याला काहीतरी दुखतंय."

"दुखतंय! मी सोडवलाय त्याला. धडधाकट काढलाय माझ्या या हातांनी."

"मी कुठे म्हटलं तुम्ही..."

लाछबाईने तिच्या फाडकन थोबाडीत मारली. बाळंतिणीला कुणी मारत नाही, नेसातही नाही. पुरीमाने "हाय हाय" म्हणून तोंडावर पदर घेतला. लाछबाईला स्वतःलाच ते बरं वाटलं नाही, आणि बरं वाटलं नाही की ती आणखी चिडे, हा तिचा स्वभाव. तिने जाता जाता पाण्याच्या हंड्याला लाथ घातली.

पोरगं वाळत चाललं होतं. शेळीचं दूध बोळ्याने घातलं तर उलटून टाकलं. मग पुरीमानेच विषय काढला. सड सोडलेल्या रेडकाला काय करतात? पोटावर डाग देतात. तापल्या विळ्याच्या टोकाने बेंबीच्या बाजूला चार डाग. चटक्याने भूक जागी होते, आणि मग रेडकू खारट म्हणत नाही, गोड म्हणत नाही. माणसाच्या पोरांनाही देतात. लाछबाईच्या हातचा डाग तर बाहेरच्या नेसांतही नावाजलेला. तिच्या स्वतःच्या पोटावर चार होते, देवायतच्या पोटावर चार होते.

"तालुक्याला नेऊ या का?" देवायतने विचारलं. आवाज असा काढला की विचारलंही आणि नाहीही.

"जीपमधून एवढ्या थंडीत? पोहोचेपर्यंत हातात काय उरेल?" लाछबाई म्हणाली. "रेडकं मेलेली पाहिलीयेत मी. अजून दोन दिवस थांबलास तर खड्डा खण."

देवायत उठून म्हशींकडे गेला. एवढा मोठा मिशीवाला गडी, पण आईसमोर तो अजून कोऱ्या चहात रोटला बुडवणारा पोरगाच होता.

सकाळी धारा काढून झाल्या आणि लाछबाईने चुलीत विळा घातला. राजलने खाटेवरून ते पाहिलं. तिने पोराला छातीशी घेतलं आणि खाटेखाली हात घातला. लाछबाई आत आली तेव्हा राजलच्या हातात उखळाचं मुसळ होतं. ते तिने कधी आणून ठेवलं होतं, कुणास ठाऊक.

"दे इकडे," लाछबाई म्हणाली.

"जवळ आलात तर डोकं फोडीन."

लाछबाई चक्क थबकली. सुनेच्या तोंडून असा शब्द तिने पहिल्यांदा ऐकला, आणि मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात तिला ती पोरगी पहिल्यांदाच आवडली. पण नातू मरत होता. ती पुढे झाली. मुसळ सणकन आलं आणि तिच्या खांद्यावर बसलं. दुसरा फटका तिने हातावर झेलला, मुसळ हिसकलं आणि भिंतीवर भिरकावलं. राजलने तिच्या मनगटाला दात लावले, रक्त येईस्तोवर. लाछबाईने केस धरून तिचं डोकं मागे खेचलं. पोरगं दोघींच्या मध्ये चेंगरत होतं आणि रडत होतं.

"देवायत! धर हिला! पोर मरेल मध्ये!"

देवायत आला. त्याने मागून राजलचे दोन्ही हात धरले. राजलने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडावर थुंकली. त्याने पुसलं नाही. पण हातही सोडले नाहीत.

"तुझ्या पोटावर आहेत ना रे चार?" ती ओरडत होती. "भूक लागली का त्याने तुला? अक्कल तरी आली का? सोड मला! फई, त्याला दुखतंय हो! कुशीवर दुखतंय! मी आई आहे त्याची, मला कळतं!"

लाछबाईने पोराला उचलून दुसऱ्या खाटेवर ठेवलं. पुरीमाने लालबुंद विळा आणून हातात दिला. बाळंतिणीच्या खोलीत तापल्या लोखंडाचा वास पसरला. लाछबाईने डाव्या हाताने दुपटं सोडलं, पहिली घडी, दुसरी घडी. इतक्या दिवसांत स्वतः तिने पोराला मोकळं केलेलं नव्हतं. थंड हवा लागताच ते थरथरलं आणि त्याने हात उडवला. डावा हात. उजवा तसाच पडून राहिला.

लाछबाईचा विळा हवेत थांबला.

म्हैस व्याली की ती आधी रेडकाचे चारही पाय हलतात का ते पाहायची. ती सवय हाताला होती, डोक्याला विचारून ती होत नव्हती. तिने पोराच्या डाव्या पंजात बोट दिलं, त्याने धरलं. उजव्या पंजात दिलं, बोटं मिटली, पण हात उचलला नाही. तिने उजवा हात जरासा वर घेतला आणि पोरगं तसंच किंचाळलं, जसं डावीकडे घेताना किंचाळायचं. मग तिची बोटं आपोआप दंडावरून खांद्यावर आणि खांद्यावरून गळ्याखालच्या आडव्या हाडावर गेली. डावीकडची हासळी गुळगुळीत. उजवीकडे मध्यावर एक टणक गाठ, हरभऱ्याएवढी. मोडलेलं हाड सांधू लागलं की रेडकाच्या पायावर नेमकी अशी गाठ येते. तिने अशा कितीतरी गाठी चाचपल्या होत्या आणि प्रत्येक वेळी विचारलं होतं, कुणी मोडला?

कट्. तो आवाज तिच्या कानात पुन्हा झाला. बलोयं धड होतं.

"काय झालं गं?" पुरीमाने विचारलं. "विळा निवतोय."

लाछबाईने विळा पाण्याच्या घंगाळात टाकला. चर्र झालं आणि वाफ उठली. "देवायत, सोड तिला."

"पण मा..."

"सोड म्हणते ना! हात मोडतोस का बायकोचे?"

राजल खाटेवरून उडी मारून आली आणि तिने पोराला झडप घालून उचललं. ती लाछबाईवर पुन्हा तुटून पडणार होती, पण लाछबाईचा चेहरा पाहून थांबली. म्हातारीच्या ओठांवरचा रंग गेला होता.

"बस," लाछबाई म्हणाली. "उजवीकडे घे त्याला. नेहमीसारखा."

राजलने संशयाने पाहिलं, पण घेतलं. पोरगं चिकटलं. जरा प्यायला दिल्यावर लाछबाईने त्याच्या पाठीखाली हात घातला. "आता वळवू नको. कूस तीच राहू दे. नुसता सरकव, असा, डावीकडे. पाय तुझ्या काखेखालून मागे जाऊ दे. उजव्या खांद्यावर भार नको पडायला." पोरगं होतं तसंच, त्याच डाव्या कुशीवर, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकलं. तोंड उघडं होतंच. ते डावीकडे लागलं.

रडलं नाही.

रडली ती राजल. दगड झालेल्या छातीला ते भुकेलं तोंड लागलं तेव्हा तिने खाटेचा काथ्या मुठीत धरला आणि आई गं, आई गं करत टाचा आपटल्या. लाछबाई तिच्या पाठीला पाठ लावून बसून राहिली, कलंडू नये म्हणून. खारट धार पोराने गटागट प्यायली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, खारट असते म्हणून.

दुपारी लाछबाईनेच देवायतला जीप आणायला पिटाळलं. तालुक्याच्या डॉक्टरने राजलला तापावर गोळ्या दिल्या, पोराचा हात सदऱ्याला टाचून ठेवायला सांगितलं, आणि हाड आपलं आपणच सांधतंय म्हणाला. हाडाचं त्याने बाजूला घेऊन देवायतलाच सांगितलं. देवायतने ते कुणालाच सांगितलं नाही. जन्मताना कधीकधी मोडतं, एवढं ऐकूनच त्याला पुढचं कळलं होतं, आणि कळलेलं तोंडातून काढायची त्याची छाती नव्हती.

लाछबाईही बोलली नाही. कबुली द्यायची सवय तिच्या तोंडाला नव्हती, कधी वेळच आली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला, सगळे अंगणात बसले, आणि लाछबाईने स्वतःसाठी वेगळा कोरा चहा केला. रोटल्यावरचं तूप परत केलं. ताकाची वाटी सरकवली.

मामैयाचं लक्ष गेलं. तो एवढा खूश झाला की बशीतला चहा अंगावर सांडला. "अरे बापरे! वहिनी कोरा पितायत! कुणाच्या रेडकाचा पाय मोडला हो? आम्हाला पण दाखवा!"

"गिळ मुकाट्याने," लाछबाई म्हणाली. पण दांडकं उचललं नाही, आणि त्यावरून मामैयाला समजलं की चेष्टा कुठेतरी भलत्याच जागी लागली आहे.

आत राजल पोराला पाजत होती. कायदा तिला ठाऊक होता, नवऱ्याने आपला तो हिवाळा तिला अनेकदा सांगितला होता. तिने दारातून रेडकांकडे पाहिलं. सगळी धड होती, दाव्याला हिसके देत उड्या मारत होती. मग तिला विळा आठवला, हवेत थांबलेला, आणि म्हातारीची बोटं कुठे थांबली होती ते आठवलं. तिने पोराच्या गळ्याखाली बोट फिरवलं.

ती पोराला कडेवर घेऊन अंगणात आली, बाळंतीण असून, सगळ्या पुरुषांसमोर, डोक्यावर पदर न घेता.

"फई, काय मोडलंत त्याचं?"

लाछबाईने चहाची बशी खाली ठेवली. "हासळी. मी ओढला तेव्हा."

"आणि मी सांगत होते तेव्हा मला मारलंत."

"मारलं."

राजलने उजवा हात मागे नेला आणि लाछबाईच्या थोबाडीत अशी दिली की झाडावरचे कावळे उडाले. सिंहापुढे न हललेली लाछबाई एका बाजूला कलली, जमिनीवर हात टेकून सावरली. देवायत ओरडत उठला, बायकोवर हात उगारून. तो हात खाली यायच्या आत लाछबाईने त्याचं मनगट धरलं, राजलच्या दातांनी फोडलेल्या त्याच हाताने.

"खाली घे. माझी थोबाडीत आहे ती, मी खाल्ली. तुला कुणी वाटा मागायला बोलावलं?"

त्यानंतर लाछबाईचा कोरा चहा राजल करू लागली. कुणी सांगितलं नव्हतं. दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलत. राजल बशी समोर ठेवी, लाछबाई उचली. ताप उतरला, छाती मऊ झाली, पोर बाळसं धरू लागलं. होळीला सगळ्या नेसाने खीर खाल्ली, लाछबाईने चटणीशी रोटला खाल्ला. तिचं अंग उतरलं, गालफडं वर आली. धार काढताना फेस हातावरून ओघळायचा आणि ती हात गवताला पुसायची. मामैयाची चेष्टा केव्हाच बंद झाली होती. एकदा तर त्यानेच हळूच म्हटलं, "वहिनी, एवढं पुरे की. माणसाचं पोर आहे, रेडकू नाही." तेव्हा मात्र लाछबाईने दांडकं फेकून मारलं.

पोराने एक दिवस उजव्या हाताने देवायतची मिशी धरली. देवायत धावत आत गेला. "राजल, हात उचलला त्याने! आता तरी आईला दुधाचा चहा दे."

"रेडकू पाय हलवतं तेव्हा नाही सुटत," राजल म्हणाली. "पायावर भार देतं तेव्हा सुटतं. तुझ्या आईचाच कायदा आहे."

"तू माणूस आहेस की कोण आहेस?"

"बरोबर बोलतेय ती," लाछबाई बाहेरून ओरडली. "तू मध्ये तोंड घालू नको!"

पाऊस येऊन गेला, कुंपणाबाहेर गवत कंबरेएवढं झालं. एका सकाळी धारांच्या वेळी राजलने पोराला गोधडीवर ठेवलं होतं. दाव्याच्या रेडकाने हंबरडा फोडला. पोराने तिकडे पाहिलं, पोट उचललं, दोन्ही हात शेणात टेकले आणि तुरुतुरु रांगत निघालं. डावा, उजवा, डावा, उजवा.

लाछबाई म्हशीखाली बसली होती. तिच्या हातातली धार थांबली. राजल उठली, चरवीतलं फेसाळ दूध मोठ्या वाटीत ओतलं आणि ती वाटी घेऊन तिच्यासमोर उभी राहिली.

लाछबाईने वाटी घेतली नाही. "नीट बघितलंस? डाव्यावर रेटून नाही ना आला?"

"नाही."

"पुन्हा ठेव गोधडीवर."

राजलने पोराला उचलून पुन्हा गोधडीवर ठेवलं. ते चिडलं, आणि चिडून पुन्हा निघालं, आधीपेक्षा जोरात, थेट लाछबाईकडे. तिने त्याला मांडीवर घेतलं आणि गळ्याखाली बोट फिरवलं. गाठ जाणवेनाशी झाली होती. तिने दाबून पाहिलं. पोरगं हसलं आणि त्याने शेणाचा उजवा पंजा तिच्या तोंडावर मारला.

मग तिने वाटी घेतली. एका दमात प्यायली, वरच्या ओठाला फेस तसाच राहिला. वाटी परत देताना तिने राजलकडे पाहिलं नाही.

"अजून देऊ, फई?" राजलने विचारलं. लाछबाईला कुणी काही वाढून विचारावं, असं या नेसात आजवर झालं नव्हतं.

"दे," लाछबाई म्हणाली.